तांदळातलं नाव

लघुप्रबंधाची सिनॉप्सिस परत आली तेव्हा पहिल्या पानावर लाल शाईत एकच शेरा होता: ‘यात आयडेंटिटी क्रायसिस कुठे आहे?’

शाळा सुटल्यावर फोंड्याच्या बसस्टँडवर कुरिअरचं पाकीट फोडून मी तो वाचला. शेरा कुणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही. दूरस्थ शिक्षणात माणसं शेऱ्यांपुरतीच भेटतात. वयाच्या ४३व्या वर्षी, शाळेत इंग्रजी शिकवता शिकवता, मी इंग्रजी साहित्यात एम.ए. करायला घेतलं होतं. शेवटच्या वर्षाला लघुप्रबंध. विषय मीच सुचवला: कादंबऱ्यांतल्या स्थलांतरित स्त्रियांची ओळख, वसाहतोत्तर स्त्रीवादाच्या अंगाने. त्यामागे थोर विचार वगैरे नव्हता. या कादंबऱ्या मिळण्यासारख्या होत्या आणि त्यांतल्या बायका स्वयंपाक करत होत्या, म्हणजे निदान तेवढा भाग तरी मला समजणार होता.

शेऱ्यापुढे मी मान तुकवली. ‘दोन संस्कृतींच्या कात्रीत सापडलेली स्त्री’ हे वाक्य इंग्रजीत घातलं, पुढच्या पानावर तेच जरा फिरवून पुन्हा घातलं, आणि सिनॉप्सिस पंधरा दिवसांत मंजूर झाली. अंतिम प्रबंधात ते वाक्य एकदाही नाही. ते कसं गळालं, तेच सांगायचं आहे.

शनिवारी शाळा सुटली की मी पणजीची बस पकडायची आणि पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन बसायची. १८३२ साली पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेलं हे ग्रंथालय आता नव्या, थंडगार इमारतीत आहे. मे महिन्यात काही वाचक केवळ त्या गारव्यासाठी आलेले असतात आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही.

पहिली हाती घेतली भारती मुखर्जींची ‘जॅस्मिन’, १९८९ची. पंजाबातल्या खेड्यातली ज्योती. लग्नानंतर नवरा, प्रकाश, तिचं नाव जॅस्मिन ठेवतो. खेड्यातली ज्योती मागे टाकून त्याला शहरी, नव्या वळणाची बायको घडवायची असते. तो मारला जातो. ती खोट्या कागदपत्रांवर अमेरिकेला पोचते. आसरा देणारी बाई तिला जॅझी म्हणते, ज्याच्या घरी ती मूल सांभाळते तो जेस म्हणतो, आयोवातला बँकवाला बड जेन. प्रत्येक नाव म्हणजे नवा जन्म, असं यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मी त्या टिपा इमानदारीत उतरवून घेतल्या. परतीच्या बसमध्ये, बाणास्तारीचा पूल ओलांडताना, लक्षात आलं की पहिलं नाव बदललं तेव्हा अमेरिका कुठेच नव्हती. ते पंजाबातच बदललं. माझं फोंड्यात बदललं तसं.

माझं माहेर इस्लामपूर. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, सगळ्यांना ते वाचून दाखवलं, पेढे वाटले. खरं तर नाव बदलावं असं त्याच्या मनात नव्हतं. सासऱ्यांनी पत्रिका बघून अक्षर काढून ठेवलं होतं. त्या तांदळाचं पुढे काय झालं कोण जाणे. बहुधा भात.

त्या रात्री वहीत दोन रकाने आखले. एकात ‘नाव कोणी ठेवलं’, दुसऱ्यात ‘त्या नावाने हाक कोण मारतं’. माझी संशोधनपद्धती म्हणतात ती एवढीच. जीन ऱ्हीसच्या ‘वाइड सारगॅसो सी’मध्ये (१९६६) वेस्ट इंडीजमधल्या आन्त्वानेतला तिचा इंग्रज नवरा बर्था म्हणू लागतो. हे माझं नाव नाही, असं ती सांगते. तो थांबत नाही. शेवटी ती इंग्लंडातल्या घरात कोंडलेली, आणि जगाच्या लेखी ती बर्थाच. झुंपा लाहिरींच्या ‘द नेमसेक’मधली (२००३) अशिमा दुसऱ्या टोकाला. पहिल्याच पानावर ती अमेरिकी कुरमुऱ्यांत शेंगदाणे, कांदा, मिरची, लिंबू घालून कलकत्त्याची चव जमवायला बघते, आणि कळा सुरू झाल्या तरी नवऱ्याला नावाने हाक मारत नाही. लेखिकेला हे वाचकाला समजावून सांगावं लागतं. हळदीकुंकवाला उखाण्याच्या आडून नाव घ्यायचं आणि एरवी ‘अहो’वर भागवायचं, अशा बाईला त्यात काय समजावायचं? अशिमा म्हणजे सीमा नसलेली, हेही तिथे फोड करून सांगितलंय. इंग्रजी पुस्तक वाचताना स्पष्टीकरणांवरून नुसती नजर फिरवत पुढे जायची ऐट मला त्या दिवशी पहिल्यांदा मिळाली.

तीच ऐट पहिल्या प्रकरणात उतरली. मी लिहून टाकलं की लग्न होऊन परगावी गेलेली प्रत्येक बाई स्थलांतरितच असते. पुरावाही जोडला: आपल्या जनगणनेत बायकांच्या स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण लग्न हेच निघतं. शिवाय माझी स्वतःची साक्ष. सुरुवातीची दोन वर्षं मला ‘हय’ आणि ‘जाता’ एवढीच कोंकणी येत होती. हुमणात, म्हणजे माशाच्या आमटीत, त्रिफळं घालायची विसरले की शेजारच्या काकू ‘घाटावयलें न्हू तें’ म्हणून मला माफ करायच्या. आणि ‘घाटी’ हा शब्द गोव्यात कुठल्या सुरात उच्चारला जातो, ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

गाइड मॅडम रविवारी फोन करायच्या. त्यांनी प्रकरण वाचलं होतं.

“तू स्थलांतरित नाहीस,” त्या म्हणाल्या. “तू सून आहेस.”

मी जनगणना पुढे केली.

“जनगणना बरोबर आहे. पण तुला व्हिसा लागला का? पोलीस दिसला की रस्ता बदलावा लागला? तुझ्या भाषेत तिथे पेपर निघतो, देवळात कीर्तन होतं, नाटकं होतात. तुझ्या सासूबाई कुठल्या भाषेत वाचतात?”

सासूबाई घरात कोंकणी बोलतात, पोथी आणि पेपर मराठीत वाचतात. शिवाय १९६१च्या आधी पोर्तुगीज शाळेत सेगुंद ग्रावपर्यंत, म्हणजे प्राथमिकच्या दुसऱ्या पायरीपर्यंत, गेलेल्या असल्यामुळे रोमन अक्षरं त्या अजूनही पोर्तुगीज वळणाने वाचतात. झेरॉक्सच्या पाटीला ‘शेरॉक्स’ म्हणतात, हॉटेलच्या बोर्डावरच्या चिकनला ‘शिकन’. त्यांच्या जन्मनोंदीत त्यांच्या वडिलांचं प्रभू हे आडनाव ‘पोरोबो’ असं लिहिलंय. घर न सोडता, पाटाच्या कडेला बसून, त्यांनी किती राजवटींची अक्षरं गिळली, हे मी तोवर मोजलंच नव्हतं. मॅडमना मी फक्त “मराठीत” म्हणाले.

“मग? चंद्रा तळपदे मोहंती पुन्हा वाच. या वेळी स्वतःला लावून वाच.”

मोहंतींचा तो गाजलेला लेख १९८४चा. पहिल्यांदा वाचताना मी ‘तळपदे’ आणि ‘जन्म मुंबई’ बघूनच सुखावले होते, आपली बाई म्हणून. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. पाश्चात्त्य स्त्रीवादी लेखनात ‘तिसऱ्या जगातली स्त्री’ नावाची एक सरासरी बाई तयार केली जाते: गरीब, अडाणी, रूढींनी जखडलेली, कायमची बळी. तिच्या शेजारी उभी राहिली की लिहिणारी आपोआप शिकलेली, मोकळी, स्वतःचे निर्णय घेणारी दिसते. हे मी ‘त्यांच्या’वरची टीका म्हणून अधोरेखित केलं होतं. आता माझ्या प्रकरणाला लावून पाहिलं. पंजाबची ज्योती, वेस्ट इंडीजची आन्त्वानेत, कलकत्त्याची अशिमा, सगळ्या एका कात्रीत घातलेल्या, आणि वरून माझी इस्लामपूरची सहीशिक्क्यासकट साक्ष. सरासरी बाई मीही घडवली होती, फक्त तिला नऊवारी नेसवली होती. अठ्ठावीस पानांतली एकवीस काढून टाकली. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

पुढचं काम त्यामुळे हळू झालं. सगळ्यात जास्त दिवस मी अडकले मोनिका अलींच्या ‘ब्रिक लेन’मध्ये (२००३). नझनीन अठराव्या वर्षी बांगलादेशातल्या खेड्यातून लंडनला, टॉवर हॅम्लेट्समधल्या सरकारी इमारतीतल्या फ्लॅटमध्ये येते. नवरा वयाने कितीतरी मोठा. इंग्रजीचे दोनच शब्द येतात, सॉरी आणि थँक यू. पुढे ती घरी बसून शिलाईचं काम करते, पैसे मिळवते, आणि नवरा ढाक्याला परत निघतो तेव्हा त्याच्याबरोबर जात नाही. हे सगळं मला पटलं, आवडलंही. अडकले ते तिच्या बहिणीच्या पत्रांशी. हसीना पळून जाऊन लग्न करते, मग ढाक्यात कपड्यांच्या कारखान्यात काम करते, मार खाते, आणि हे सगळं बहिणीला लिहून कळवते. पत्रं अर्थातच बंगालीत. पण कादंबरीत ती येतात मोडक्यातोडक्या इंग्रजीत, क्रियापदं गळालेली, काळ एकमेकांत घुसलेले. हसीनाला इंग्रजी येतच नाही. मग मोडलेलं आहे ते काय?

मी त्यांतलं एक पत्र स्वतःसाठी मराठीत करायला घेतलं आणि तीन शनिवार त्यातच गेले. पहिला प्रयत्न मोडक्या मराठीत: ते परप्रांतीयांची नक्कल करणाऱ्या विनोदी नटासारखं वाटू लागलं. दुसरा प्रयत्न प्रमाण मराठीत: हसीना एकदम डी.एड. झालेली वाटायला लागली. तिसऱ्या शनिवारी घरी येऊन मी माळ्यावरची ट्रंक उघडली. तीत आईची आंतर्देशीय पत्रं आहेत. आई चौथी शिकलेली. ‘इकडं समदं बरं हाय. म्हशीला रेडी झाली. तू पावसात भिजू नगंस.’ शुद्धलेखन नाही, विरामचिन्हं नाहीत, पण एक वाक्य मोडकं नाही. बोलते तसं लिहिलंय, आणि बोलणं अख्खं आहे. हीच पत्रं कुणी उद्या मोडक्या इंग्रजीत नेली, तर वाचणाऱ्याला वाटेल की बाई जरा मंदच होती. आईने तसल्याच पत्रांतून दोन एकरांचा दावा कसा चालवायचा ते वकिलाला कळवलेलं आहे.

या पत्रांच्या बाजूनेही बोलता येतं. देश न सोडलेल्या बाईला, परदेशी गेलेल्या बहिणीच्या कादंबरीत एवढी जागा क्वचित मिळते, आणि हसीनाचा हट्टीपणा त्या तुटक्या वाक्यांतूनही बाहेर येतोच. मी दोन्ही लिहिलं. पण माझा कौल आईच्या बाजूने आहे आणि प्रबंधातही तो लपवलेला नाही.

गायत्री स्पिव्हाक यांच्या १९८८च्या निबंधातलं भुवनेश्वरी भादुरीचं उदाहरण मला त्या आठवड्यात पहिल्यांदा समजलं. १९२६ साली कलकत्त्यात या मुलीने गळफास घेतला. सशस्त्र क्रांतिकारकांच्या गटाने सोपवलेली राजकीय हत्या तिच्याच्याने होईना. आपल्या मरण्याला लोक पोटुशी राहिल्याची गोष्ट चिकटवतील हे ओळखून ती पाळी येईपर्यंत थांबली. तरी पुढे घरच्यांनी चोरट्या प्रेमसंबंधाचीच गोष्ट सांगितली. एवढं करूनही तिचं म्हणणं तिचं म्हणून वाचलं गेलं नाही. यावर आणखी काही लिहिण्याची माझी प्राज्ञा नव्हती. दीड पान लिहिलं आणि पुढे गेले.

वहीत तिसरा रकाना आला तो बुची एमेचेटांमुळे. त्यांच्या ‘सेकंड क्लास सिटिझन’मधली (१९७४) अदा लागोसहून लंडनला येते, ग्रंथालयात नोकरी करते, नवरा आणि मुलं पोसते. मूल नको म्हणून दवाखान्यात गेली तर फॉर्मवर नवऱ्याची सही लागते. ती खोटी सही करते. पुढे तिने लिहिलेल्या पहिल्या पुस्तकाचं हस्तलिखित नवरा जाळून टाकतो. एमेचेटांच्या स्वतःच्या संसारातही हेच घडलं होतं. तिसऱ्या रकान्यावर मी लिहिलं: ‘सही कोणाची’.

इथे मात्र गोव्याने मला एक उदाहरण आयतं दिलं. इथे १८६७चा पोर्तुगीज नागरी कायदा अजून चालतो. लग्न नोंदवायचं तर आधी पहिली सही, मग काही दिवसांनी दुसरी. वेगळा करार केलेला नसला तर मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक, त्यामुळे जमीन विकताना बायकोची सही लागतेच. आमच्या घरातलं काजूचं भाट, म्हणजे बाग, विकायचं ठरलं तेव्हा सब-रजिस्ट्रारकडे सगळ्या जावा नटूनथटून हजर होत्या. किंमत ठरवताना आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, पण आमच्यावाचून कागद हलत नव्हता. माझ्या जुन्या कागदांवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं. लिहिणाऱ्याने दोन्ही एका ओळीत घेतली आणि मधे ‘ऊर्फ’ टाकलं. जॅस्मिनच्या पाच नावांवर मी अकरा पानं लिहिली होती. खरं तर ऊर्फ हा एक शब्द पुरला असता, पण त्याला इंग्रजीत तो वास नाही. तिथल्या शब्दाला गुन्हेगाराचा वास येतो.

मधे जून आला, शाळेचे प्रवेश सुरू झाले. माझ्याकडे आठवीचं रजिस्टर. कुर्टीच्या बाजूला बांधकामावर असलेल्या, उत्तर कर्नाटकातून आलेल्या घरांतली मुलं आमच्याकडे बरीच आहेत. ऑगस्टमध्ये एक बाई ऑफिसात आली, हातात मुलीचं ओळखपत्र. त्यावरच्या आईच्या नावावर बोट ठेवून म्हणाली, हे नाव माझं नाही. मी ‘शांता’ लिहिलं होतं. ती शांतव्वा. चूक झाली नव्हती. मला लख्ख आठवत होतं की ‘व्वा’ मी मुद्दाम सोडला होता, ते प्रेमाने जोडलेलं शेपूट आहे अशा समजुतीने, सुटसुटीत दिसावं म्हणून. तोवर ऑनलाइन नोंद पुढे गेलेली. दुरुस्तीसाठी तिला प्रतिज्ञापत्र करावं लागलं, त्यासाठी एका दिवसाचा रोज बुडाला. पैसे मी दिले. तिने ते घेतले आणि माझ्याकडे बघितलं नाही. घरी येऊन वही उघडली. पहिल्या रकान्यात, ‘नाव कोणी ठेवलं’ खाली, प्रकाश, बड, आन्त्वानेतचा नवरा अशी सगळी मंडळी होती. तिथे मी काही लिहिलं नाही. हा प्रसंग प्रबंधातही नाही.

शेवटचं प्रकरण छोटं. गोव्यातली एखादी लेखिका घे, असं मॅडमनी सुचवलं. मी विमला देवी घेतल्या. पर्वरीच्या अलीकडे, मांडवीकाठच्या ब्रिटोना गावात १९३२ साली ख्रिस्ती घरात जन्म. मूळ नाव तेरेझा. पुढे लिस्बनला गेल्या आणि तिथे ‘मोन्सांव’ हा गोव्याच्या कथांचा संग्रह पोर्तुगीजमध्ये काढला, १९६३ साली, म्हणजे गोवा मुक्त झाल्यावर. मी तो इंग्रजी अनुवादात वाचला. माझ्या वहीपुरती गोष्ट एवढीच की परदेशी जाणारी ख्रिस्ती मुलगी पोर्तुगीज पुस्तकावर स्वतःहून हिंदू बाईचं नाव घालते. ‘नाव कोणी ठेवलं’ या रकान्यात ‘तिने’ हा शब्द माझ्या हातून पहिल्यांदाच लिहिला गेला. रायबंदरवरून जाणारी बस मिळाली की मी खिडकीतून नदीपलीकडचं ब्रिटोनाचं पांढरं चर्च बघते. त्यात काही शोधायला जात नाही, नुसतं बघते.

प्लेजरिझम रिपोर्ट आला तेव्हा साम्य नऊ टक्के होतं. दहापर्यंत चालतं. तरी रंगवलेल्या ओळी चाळल्या, तर प्रस्तावनेत एक वाक्य ठळक पिवळं: ‘दोन संस्कृतींच्या कात्रीत’. सिनॉप्सिसमधून चिकटून आलेलं, माझ्या नजरेतून सुटलेलं. सॉफ्टवेअरने त्याला कितीतरी जुळे भाऊ शोधून दिले होते. ते उडवलं आणि साम्य तेवढंच खाली आलं.

व्हायव्हा ऑनलाइन झाली. होमी भाभांच्या (अणुशास्त्रज्ञ नव्हेत, साहित्याचे सिद्धान्तकार) ‘तिसऱ्या अवकाशा’वर विचारलं, माझं उत्तर गडबडलं. मधेच पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला आणि परीक्षक हसले, बाकी ठीक.

बाइंडिंगच्या फॉर्मवर सूचना होती: नाव पदवी प्रमाणपत्राप्रमाणेच छापावं. पदवी माझी लग्नाआधीची. त्यामुळे काळ्या रेक्झिनवर सोनेरी रोमन अक्षरांत आलं ते माहेरचं नाव, आडनाव चव्हाण. घरी आणून मी प्रत बलकांवावर, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, ठेवली आणि चहा टाकायला गेले. बाहेर येते तो सासूबाई चष्मा लावून कव्हरवर बोट फिरवत होत्या. पहिलं नाव त्यांनी सावकाश जुळवलं, मग आडनाव.

“ही शावां कोण गो?”

“मीच, आई.”

त्यांनी चष्मा सारखा केला आणि बोट पुन्हा पहिल्या अक्षरावर नेलं.